आपण डोळे मिटून बसल्यानं गाव बदलतं का?

तिवसेकर

जयगुरू मंडळी.

आमचं गाव तिवसा तालुक्यातलं. तुकडोजी महाराजांच्या आश्रमाचं गुरुकुंज मोझरी जवळ, त्यामुळे सामुदायिक प्रार्थना आमच्याकडे आजोबांच्या काळापासून चालत आली आहे. मधली काही वर्षं ती चार म्हाताऱ्यांवर येऊन ठेपली होती. आता पुन्हा पोरं यायला लागली. सकाळी ध्यान, दिवस मावळताना प्रार्थना. परवा पारावर एका काकांनी विचारलं, "बसता ते चांगलंच आहे. पण तुमच्या बसण्यानं कापसाचा भाव वाढला का? मन शांत झालं असेल तर ते तुमचं तुमच्यापाशी. गावाला त्याचं काय?"

काकांचा प्रश्न खरा आहे, म्हणून इथे मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसाच्या साधनेनं बाहेरचं जग बदलतं, असं मी मनापासून मानतो. पण आपण इथे बसलो आणि तिकडे आपोआप काही घडलं, अशा पद्धतीनं नाही. साधना माणसात जे घडवते ते माणूस गावात घेऊन जातो, आणि तो घेऊन गेला तरच बदल होतो. मधला हा रस्ता कसा असतो, कुठे अडतो, याबद्दल तुमच्या गावचे अनुभव ऐकायचे आहेत.

तुकडोजी महाराजांनी (जन्म १९०९, यावली) हे दोन्ही एकत्रच धरलं होतं. त्यांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय काढून बघा. त्यात प्रार्थना आहे, तशीच ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, ग्रामशिक्षण आहे, गोवंशसुधार आहे, बायांच्या उन्नतीचा अध्याय आहे. ज्या खंजिरीवर भजन म्हटलं त्याच खंजिरीवर महाराजांनी १९४२ साली लोक जागे केले आणि त्यापायी नागपूर आणि रायपूरचा तुरुंग पाहिला. त्यांचं ध्यान आणि त्यांचं बाहेरचं काम यांत मला तरी कुठे फट दिसत नाही. आपल्यात मात्र ती पडते. कशामुळे?

वणीचा कास्तकार

भाऊ, राग मानू नका, पण तुमचे काका बरोबर बोलले.

आमच्या गावात दरसाली सप्ताह होते. मांडव, भोंगे, शेवटच्या दिवशी पाच गावची पंगत. मांगच्या साली सप्ताह चालूच होता अन् आमच्या गल्लीतल्या एका कास्तकारानं जीव देला. तो माणूस रोज मांडवात येऊन बसत होता. टाळ वाजवत होता. त्याच्या आंगावर किती कर्ज होतं, पऱ्हाटी बोंडअळीनं कशी खाल्ली, घरात लेकीचं लग्न कसं अडलं, हे बाजूले बसून टाळ वाजवणाऱ्यालेही मालूम नव्हतं. त्याच्या बाजूले मीच बसत होतो.

तेव्हापासून मले कोणी म्हटलं का भक्तीनं जग सुधरते, तर आतून काहीतरी उसळते. देवावर माहा राग नाई. पण शेजारच्याचं तोंड पायता येत नसन, तर ते डोळे मिटून काय पायता आपण?

तिवसेकर

दादा, तुमचं लिहिलेलं वाचून थांबलो. त्या माणसाच्या घरचे आता कसे आहेत? पोरगी, बाकीचं घर?

मला जे म्हणायचं आहे ते नेमकं इथेच येऊन लागतं. आमच्याकडे प्रार्थनेला लोक रांगेत बसतात. समोर मूर्ती नसते, अधिष्ठानाचं रिकामं आसन असतं. रांग सरळ असते आणि ज्याची त्याची जागा जवळपास ठरलेली असते. त्यामुळे कोण आलं नाही ते लगेच दिसतं. एखादा माणूस लागोपाठ दिसला नाही की प्रार्थना झाल्यावर कोणीतरी दोघं त्याच्या घरी जातात. "तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारायचं, चहा प्यायचा, बसायचं. हे काही महाराजांनी लिहून ठेवलेलं कलम नाही. जुन्या लोकांची ही सवय होती, आम्ही ती परत सुरू केली.

अशाच एका जाण्यातून कळलं की आमच्यातला एक जण बँकेच्या नोटिशीमुळे घराबाहेर पडत नव्हता. मग ज्याला कागद समजतात असा एक पोरगा त्याच्यासोबत बँकेत गेला. पुढे एका शिक्षकांनी अर्ज लिहून दिला. कर्ज माफ झालं नाही. पण हप्ते पाडून मिळाले आणि तो माणूस परत वावरात जायला लागला.

यात ध्यानाचं काय काम, असं कोणी म्हणेल. मला वाटतं, आहे. दुसऱ्याच्या दारात जाऊन, काही सल्ला न देता, त्याचं ऐकत बसणं फार अवघड असतं. आपल्याला लगेच उपाय सांगायचा असतो, आपलं शहाणपण दाखवायचं असतं. रोज थोडा वेळ गप्प बसायची ज्याला सवय आहे त्याला हे जमतं. निदान आमच्या गावात ज्यांना जमतं ते सगळे सकाळी ध्यानाला येणारे आहेत.

सप्ताहात ऐकणारे हजार असतात आणि बोलणारा एक. कोण आलं, कोण नाही, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. तुमच्या गल्लीत जे झालं त्यात तुमचा दोष नाही, दादा. तुमच्या बाजूला बसलेल्या माणसाकडे बघायची सवड त्या मांडवात कोणालाच ठेवलेली नव्हती.

वणीचा कास्तकार

त्याची बायको आता शाळेत खिचडी शिजवते. पोरीचं लग्न गावानं वर्गणी करून लावून देलं. गाव वाईट नाई हो. आधी मालूम पडलं पायजे होतं.

पवनारची

सगळ्यांना जय जगत.

तिवसेकरदादांनी विचारलं की रस्ता कुठे अडतो. माझं माहेर धाम नदीच्या काठचं, पवनारजवळ, त्यामुळे एक गोष्ट लहानपणापासून ऐकत आले, ती सांगते.

विनोबा म्हटलं की लोकांना १९५१ चं तेलंगणातलं पोचमपल्ली आठवतं. १८ एप्रिलला हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि तिथले जमीनदार रामचंद्र रेड्डी १०० एकर द्यायला उभे राहिले. तिथून भूदान सुरू झालं. पण त्याच्या काही वर्षं आधी, १९४६ च्या सुमारास, हाच माणूस खांद्यावर फावडं टाकून पवनारहून सुरगावला पायी जायचा आणि तिथली घाण उचलायचा. माणसांची विष्ठा. एक-दोन दिवस नाही, पुढे जवळपास दोन वर्षं. पाऊस असो, चिखल असो. गीतेवरची त्यांची प्रवचनं तर धुळ्याच्या तुरुंगात १९३२ लाच देऊन झाली होती. म्हणजे ज्ञान कमी होतं म्हणून ते झाडायला गेले असं नाही.

माझी आजी सांगायची की पहिले कितीतरी दिवस सुरगावचे लोक नुसते बघत राहिले. कोणी हात लावला नाही. इथेच तर माणूस मोडतो. आपण चांगलं काम करतो, लोक बघतात, साथ देत नाहीत, आणि आपल्याला राग येतो. मग एक तर आपण काम सोडतो, नाहीतर लोकांना शिव्या घालायला लागतो. मी स्वतः गावात बचतगट चालवते. हा राग मला चांगला ओळखीचा आहे. त्या वेळेला सकाळची प्रार्थना माझ्या उपयोगी पडते. गटातल्या बाया हप्ता भरत नाहीत, खोटं बोलतात, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दारात हसून जावं लागतं. ती ताकद मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही.

सेवाग्रामचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग झाला होता, संस्कृतचे मोठे पंडित. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगाला मालिश केली. त्या काळी लोक कुष्ठरोग्याच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. पुढे बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारलं. आमच्या आजीच्या पिढीनं कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढलेलं पाहिलं. माझ्या पिढीनं त्याच माणसांनी विणलेल्या सतरंज्या विकत घेतल्या. बदल झाला तो औषधानंही झाला, हे मान्यच. पण औषध द्यायला आधी कोणीतरी जवळ जावं लागतं. ती भीती ज्यांनी आधी स्वतःच्या मनातून काढली, त्यांच्यामुळे बाकीच्यांना जवळ जाता आलं.

भूदानाचंही खरं ते सांगते. मिळालेली बरीच जमीन पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. मन मोठं करून दान दिलं जातं, पण मोजणी, फेरफार आणि सातबारा करायला पुन्हा वर्षानुवर्षं खपणारी माणसं लागतात. ती कमी पडली. माझ्या मते रस्ता अडतो तो इथे.

संबोधी चांदा

जय भीम.

ताईंचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मी मात्र थोडी वेगळी बाजू मांडते.

माझ्या आजोबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बाबासाहेबांच्या समोर दीक्षा घेतली. नागपूरची १४ तारखेची सगळ्यांना माहीत असते, चांद्याची पुष्कळांना नसते. आजोबा अडाणी होते. त्यांनी कुठलं ध्यानशिबिर केलं नाही. त्यांची साधना म्हणजे रोज सकाळी पंचशील म्हणणं आणि ते दिवसभर पाळणं. पाचव्या शीलाप्रमाणे दारू सुटली. आणि त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं काम बंद केलं. कोणाला शिवी दिली नाही, भांडण केलं नाही. पाटलाचा माणूस बोलवायला आला तेव्हा हात जोडून सांगितलं, आता हे काम होणार नाही.

गावानं मजुरी बंद केली. घरात चूल पेटत नव्हती असे दिवस आजीनं काढले. पण आमच्या वस्तीतलं एकही घर मागं फिरलं नाही, आणि शेवटी गावाला आपली ढोरं आपणच न्यावी लागली. शेकडो वर्षांची रीत एका उन्हाळ्यात मोडली. मला विचाराल तर वैयक्तिक आचरणानं जग बदलल्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून मनःशांती हा शब्द ऐकला की मी सावध होते. कोणती शांती? आजोबांचं मन शांत होतं म्हणून ते उपाशी राहूनही ठाम राहू शकले. पण अशीही शांती असते की जी माणसाला सांगते, बाहेर जे चाललंय ते चालू दे, तू आत बघ. पाणवठ्यावर भेद आहे, तू आत बघ. मजुरी कमी आहे, तू आत बघ. ती शांती ज्यांचं बरं चाललं आहे त्यांच्या सोयीची असते. बाबासाहेबांनी धम्म हा माणसानं माणसाशी कसं वागावं याचा विषय मानला, तो एवढ्याचसाठी. १९२७ साली अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह उभा राहिला तेव्हाही मंदिरात रोज जप करणारी माणसं काही कमी नसतील. दार तर बंदच होतं.

तिवसेकरभाऊंना माझा सरळ प्रश्न आहे. तुमच्या त्या रांगेत आमच्या वस्तीतली माणसं बसतात का? आणि कुठे बसतात?

तिवसेकर

ताई, जय भीम. प्रश्न विचारलात ते बरं केलंत. बसतात. जो आधी येईल तो पुढे, असा नेम आहे. महाराजांचा तो आग्रहच होता. पण पंगतीत आणि लग्नात अजूनही गावाचे दोन भाग पडतात, हे मी लपवणार नाही. प्रार्थनेत शेजारी बसलेली दोन माणसं त्याच रात्री वेगवेगळ्या पंगतीत जेवतात. आम्हा पोरांमध्ये यावर बोलणं सुरू आहे. एवढ्यात पुण्यतिथीचा कार्यक्रम आहे, त्यात स्वयंपाकाला आणि वाढायला सगळ्या वस्त्यांतली माणसं असावीत असं ठरवलं आहे. काही घरं जेवायला येणार नाहीत म्हणतात. तरीही तसंच करणार.

तुमच्या आजोबांची गोष्ट मी उद्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगू का? तुमची परवानगी असेल तरच.

संबोधी चांदा

जरूर सांगा. आजीचंही सांगा. उपाशी तिनं जास्त काढलं.

दर्यापूरची सून

मी इथे फक्त वाचायला येते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दिवस मावळतानाची प्रार्थना, सकाळचं ध्यान. भावांनो, त्या वेळेला घरातली बाई काय करत असते? सकाळी झाडणं, पाणी भरणं, डबे. आठ वाजता निंदणाला जायचं असते. संध्याकाळी वावरातून आलं की भाकरी, गाईचं दूध, लेकरांचा अभ्यास. माझे सासरे नेमानं प्रार्थनेला जातात, माणूस देवासारखा आहे. पण ते परत येतील तेव्हा ताट तयार पाहिजे. म्हणजे त्यांची साधना माझ्या हातावर उभी आहे. माझी कधी?

मला तक्रार करायची नाही. बसावंसं मलाही वाटते. लग्नाआधी मी मायसोबत बसायची.

शेगावचा वारकरी

गण गण गणात बोते.

वहिनींचं वाचून माझ्या बाबांची आठवण आली. बाबांनी घरात कधी स्वतःचं ताट उचललं नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी आपापल्या गावाहून पाळीनं येतात, हे तुम्हाला माहीत असेल. बाबा जायला लागले. तिथे भक्तांचे जोडे सांभाळायचे, महाप्रसादाच्या ठिकाणी फरशी पुसायची. पाच एकरवाला, गावात मान असलेला माणूस दुसऱ्याच्या चपला उचलून फळीवर ठेवत होता आणि त्यात त्याला आनंद वाटत होता.

पण घरी आले की तेच. ताट तिथेच. हे कितीतरी वर्षं चाललं. एकदा माझ्या बहिणीनं विचारलं, "बाबा, महाराजांच्या दारात फरशी पुसता, मग आईच्या स्वयंपाकघरात महाराज नाहीत का?" बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ताट उचलायला लागले. आता सकाळचा झाडू त्यांच्याकडे आहे. अंगण झाल्यावर ते आमच्या गल्लीची नालीही साफ करतात, आणि त्यांचं बघून शेजारचे दोघं यायला लागलेत.

सेवा देवाच्या दारात शिकता येते, पण ती घरी आणायला कोणीतरी बोट दाखवावं लागतं. आपोआप येत नाही. गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) म्हणूनच क्रम उलटा लावला असावा. गावात शिरले की दिवसभर आधी झाडू, रात्री कीर्तन. झाडलेल्या जागेवर बसूनच लोक कीर्तन ऐकायचे. शेंडगावात जन्मलेल्या त्या माणसानं पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःसाठी खोलीही ठेवली नाही.

दर्यापूरची सून

तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

धानोरा

जय सेवा. मी गडचिरोलीकडचा. आमच्याकडे धानाची बांधी आणि मोहफूल, तुमच्याकडे कापूस, पण प्रश्न तोच आहे.

मेंढा (लेखा) आमच्यापासून लांब नाही. या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे बांबू विकायचा अधिकार ग्रामसभेकडे आला. सगळे याबद्दल बोलतात. पण मला त्या गावची जी गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते ती म्हणजे तिथे बहुमतानं निर्णय होत नाही. सर्वसहमती लागते. एका माणसाचं नाही असेल तर विषय पुढच्या सभेला जातो. त्याला दमदाटी करायची नाही, त्याचं म्हणणं समजून घ्यायचं. त्यासाठी अभ्यासगट असतो, लोक बसतात, माहिती काढतात, परत बोलतात.

तिथे कोणी मांडी घालून ध्यान शिकवलं असं मी ऐकलं नाही. पण मी आमच्या गावात हे करून बघितलं आहे, म्हणून सांगतो. आपलं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे हे माहीत असताना, समोरच्या एका अडाणी म्हाताऱ्यासाठी पुन्हा पुन्हा थांबणं ही लहान तपश्चर्या नाही. त्यात डोकं तापते. रात्री झोप लागत नाही. आणि पुष्कळदा असं होते की म्हाताऱ्याचंच बरोबर निघते. आमच्याकडे तलावाच्या गाळाचा विषय होता. एक जण अडून बसला होता. शेवटी कळलं की गाळ जिथे टाकणार होतो तिथून त्याच्या आणि आणखी तीन घरांच्या बांधीत पाणी शिरलं असतं. घाईनं ठराव केला असता तर चार घरं बुडाली असती.

जिल्ह्यातली दारूबंदी १९९३ ची. ती लोकांच्या, त्यातही बायांच्या आंदोलनातून आली. शेजारच्या चंद्रपूरला २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. कायदा येतो, जातो. जिथे ग्रामसभेनं स्वतः ठरवलं आणि घराघरानं पाळलं तिथे अजूनही हातभट्टी लागू देत नाहीत.

ध्यानाला बसणाऱ्या भावांना एवढंच विचारतो, तुमच्यातले किती जण ग्रामसभेला बसतात?

पवनारची

धानोरादादा, हा प्रश्न मी माझ्या गटात उद्याच विचारणार आहे.

वणीचा कास्तकार

सगळ्यायचं वाचलं, दोनदा वाचलं. तिवसेकर भाऊ, मले एक सांगा. आमच्या गावात तुमच्यासारखं प्रार्थनेचं मंडळ नाई, कोणी शिकवणारा नाई. टाळकरी आहेत, पण ते सप्ताहापुरते. तुमची ती रांग सुरू करायची असन तर कशी करायची? माह्यासोबत सध्या तीन माणसं आहेत. त्यातला एक त्या मेलेल्या कास्तकाराचा भाऊ आहे.

तिवसेकर

दादा, चार माणसं पुरेत.

जागा देवळातच पाहिजे असं नाही. शाळेचा ओटा, समाजमंदिर, जिथे गावातलं कोणीही संकोच न करता येऊ शकेल अशी जागा बघा. हे सगळ्यांत आधी. पहिल्या दिवशी चुकीची जागा धरली तर अर्धं गाव कधीच येत नाही. भोंगा लावू नका. खंजिरी असली तर ठीक, नसली तरी चालते.

वेळ ठरवायच्या आधी बायांना विचारा. दर्यापूरच्या वहिनींनी लिहिल्यावर काल आम्ही हा विषय प्रार्थनेनंतर काढला. आमच्याकडे रात्री जेवणं झाल्यावर साडेआठची वेळ बायांनी सुचवली आहे आणि ती या सोमवारपासून लागू होते आहे. जेवणानंतरची भांडी त्या दिवशी घरातल्या पुरुषानं घासायची, असंही ठरलं. दोन म्हाताऱ्यांना सूर्यास्ताची वेळ मोडणं मान्य नाही. ते सूर्यास्तालाही बसतील, त्यांच्यासोबत आमच्यातले काही जण बसतील.

शांत बसणं सुरुवातीला दहा मिनिटं ठेवा. मग भजन, मग पाच मिनिटं गावाचं बोलणं. आज कोण दिसलं नाही, कोणाकडे जायचं, उद्याच्या ग्रामसभेला कोण जातंय. हे शेवटचं सोडू नका. घरी जाण्याच्या घाईत तेच आधी गळतं.

घरी जाल तेव्हा दोघं जा, एकटं नको. माणूस काही बोललाच नाही तरी चालेल. पण जीव द्यायची भाषा कोणी केली तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना सांगा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचे डॉक्टर असतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. भिंतीवर लिहून ठेवा.

मी आणि आमच्यातले दोघं पुढच्या रविवारी वणीला येऊ शकतो. सोयाबीनची सोंगणी सुरू असेल तर सकाळी तुमच्या वावरात मदतीला येतो, संध्याकाळी सगळे मिळून बसू. त्या भाऊंना विचारून सांगा, त्यांना चालेल का.

वणीचा कास्तकार

विचारलं. तो हो म्हणते. सोंगणी बुधवारी संपते, पण पऱ्हाटीत कापूस वेचाचा हाये. या.